जुडग्याला बांगडी म्हणू नये

"आजी, हे ब्रेसलेट जरा वाढवून आणते गं," असं सई म्हणाली आणि माझ्या हातातली तिळाची वाटी खाली पडली.

वाटी स्टीलची, फुटण्यासारखं त्यात काही नव्हतं. तीळ मात्र घरभर झाले. सूनबाई झाडू घेऊन धावली, सई माझी पाठ चोळत "चक्कर आली का गं?" विचारू लागली. मी ऐंशी ओलांडलेली बाई, तीस वर्षं पोरांना व्याकरण शिकवून निवृत्त झालेली, आणि भ्याले कशाला, तर एका साध्या क्रियापदाला. हे कुणाला सांगायचं? मी आपली वाकून तीळ वेचू लागले.

सई ही माझी नात. पुण्यात नोकरी करते, संक्रांतीला सांगलीला आली आहे. तिच्या हातात एक रुपेरी साखळी आहे आणि त्या साखळीला चिमुकल्या वस्तू लोंबतात. कपबशी, विमान, मांजर, तिच्या नावाचं अक्षर. पुण्यात म्हणे सगळ्या मुलींच्या हातात हेच आहे. काही चांगलं घडलं की एक नवी वस्तू त्यात अडकवायची. तिच्या आईला ते मुळीच पसंत नाही. "खुळखुळा आहे नुसता, पाळण्यातल्या बाळाच्या हातात शोभेल," असं ती म्हणते. सई म्हणते, आईला फॅशनमधलं काय कळतं? शेवटी दोघींनी निवाडा माझ्यावर सोपवला. छान की भडक?

मी म्हटलं, उद्या सांगते.

दुपारी खिडकीखालून कडब्यानं भरलेली ट्रॉली गेली. रस्त्याच्या दोन्ही बाजूंच्या झाडांना कडब्याची पानं अडकून राहिली आणि वाळक्या ताटांचा तो गोडसर, धुळकट वास वरपर्यंत आला. इतरांना त्या वासानं हुरडा आठवतो, गूळ आठवतो. मी खिडकी लावून घेतली. सुगी म्हटलं की लोकांना आनंद होतो. मला एका सुगीची इतकी भीती बसली आहे की बाकीच्या सत्तर सुग्यांनीही ती उतरली नाही.

रहिमतपूरच्या अलीकडं आमचं गाव. घरात आबा, आई, हौसा वहिनी आणि मी. दादा पलटणीत होता. लग्न होऊन चार महिने झाले नाहीत तोच बोलावणं आलं आणि तो समुद्रापलीकडं गेला. दुसऱ्या महायुद्धाचं ते शेवटचं वर्ष चाललं होतं, पण ते शेवटचं आहे हे तेव्हा कुणाला माहीत? आमच्याकडं घराआड एक माणूस पलटणीत होता आणि पोस्टमन दिसला की पाणी भरणाऱ्या बायका कळशी तशीच हातात धरून उभ्या राहत. तो पुढं गेला की मग कळशी कमरेवर जाई.

त्याच्या आदल्या वर्षी दादानं सुट्टीवर आलेल्या एका शिपायाबरोबर रुमालात बांधून एक वस्तू पाठवली. पांढऱ्या धातूची साखळी, आणि तिला लोंबणाऱ्या तीन वस्तू. एक उंट होता. तो आम्ही लगेच ओळखला, कारण रहिमतपूरच्या बाजारात एकदा उंट आला होता. दुसरा एक त्रिकोणी ढिगारा होता. शेजारच्या गोदाकाकूनं तो बोटात धरून पाहिला आणि सांगितलं, "ही ज्वारीची रास हाय बग." मिसर देशात, म्हणजे इजिप्तमध्ये, दगडाच्या राशी घालतात हे आम्हाला ठाऊक नव्हतं. तिसरी एक किल्ली होती, पण तिचं डोकं वाटोळं आणि दाताच्या जागी आडवी दांडी. असलं कुलूप कुठं असेल यावर बायकांनी पुष्कळ डोकं चालवलं.

वहिनीनं ती साखळी मनगटात घातली. हिरव्या बांगड्यांच्या मागं, कोपराच्या बाजूला. तिचं वय तेव्हा अठरा. लाजेनं आणि आनंदानं तिचे कान तांबडे झाले होते.

"काय हाय ह्ये?" आईनं विचारलं.

"बांगडी हाय म्हनं, आत्याबाई. मिसरातली."

"बांगडी?" आईनं तिचा हात हातात घेऊन फिरवून पाहिला. "बांगडी काचंची असती. ह्यो किल्ल्यांचा जुडगा हाय. कंबरंला खोव, कोठीची किल्लीबी लाव त्यात."

सगळ्या बायका हसल्या. मास्तरांची बायको तिथंच बसली होती. ती सांगलीची, जरा शिकलेली. ती म्हणाली, "अहो, ही फॅशन आहे. आमच्या शेजारी वकिलांची मुलगी आहे, तिच्या हातात अश्शीच पाहिली मी."

"वकिलाची पोरगी ज्वारी काडाय येती का?" आई म्हणाली. "सवाष्णीच्या हातात काच वाजावी. बैलाच्या गळ्यात वाजल्यावानी न्हाई. घालायचं तर घाल बाई, न्हवऱ्यानं दिलंय. पर ह्येला बांगडी म्हणू नगा कुनी माज्या घरात."

आईचा शब्द म्हणजे शब्द. त्या दिवसापासून आमच्या घरात त्या वस्तूचं नाव जुडगा पडलं. आबासुद्धा म्हणत, "पोरी, जुडगा काडून ठेव, ज्वारीच्या ताटात अडाकतुया." आईला तो भडक वाटे, मास्तरीणबाईंना झोकदार वाटे. मला काय वाटे ते मी कधी बोलले नाही, कारण माझा जीव त्या उंटावर जडला होता आणि मला तो मिळणार नव्हता. वहिनी चालली की आधी काच किणकिणे आणि तिच्या मागोमाग बारीक चुळचुळ असा एक आवाज येई. डोळे मिटूनही ती परसात आहे की चुलीपाशी ते कळे. पुढं तो आवाज मला किती कामाला येणार होता!

आता त्या क्रियापदाचं सांगते. आपली मराठी मोठी मानी बाई आहे, अभद्र बोलणार नाही. दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. देवापुढचा नारळ फोडायचा नाही, तोही वाढवायचा. आणि बायकांच्या हातातली बांगडी तर कधीच फुटत नाही, ती वाढते. वर्गात मी हे फार कौतुकानं शिकवत असे. पोरं हसायची. मी हसत नसे.

कारण नऊ वर्षांची असताना मी खालच्या आळीतल्या रंगूबाईला पाहिलं होतं. तिचा नवरा पलटणीत गेला. सरकारी कागद महिन्यानं आला, त्याआधी त्याच्या जोडीदाराचं पत्र आलं. ते कुणीतरी वाचलं आणि आळीतल्या बायका तिच्या घरी धावल्या. आई घरी आली आणि आबांना हळूच म्हणाली, "रंगीच्या बांगड्या वाढल्या." मला आनंदच झाला. म्हटलं, नव्या भरल्या असतील. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम बघायला गेले. रंगूबाई भिंतीला टेकून बसली होती आणि तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत मोकळे होते. मनगटावर ओरखडे होते. मी घरी येऊन आईला विचारलं, "वाढल्या म्हनतीस, मग हात रिकामं कसं?" आईनं माझ्या पाठीत धपाटा घातला. शब्दार्थ असा शिकले, आणि तो पुन्हा कधी विसरले नाही.

घरात वाचता येणारी मी एकटी. म्हणून दादा पत्र माझ्या नावानं धाडी. पत्र आलं की मी ओट्यावर मधोमध बसे आणि चौघी-पाचजणी माझ्या तोंडाकडं बघत. बारा वर्षांच्या पोरीला याहून मोठा मान कुठला? एकेक पत्र दहादा वाचून घेत. मी आवाज चढवून, थांबून, पाणी मागून वाचत असे. फार मिरवलं मी.

संक्रांतीला आठ दिवस होते. शाळेतून येताना पोस्टमन वाटेत भेटला आणि त्यानं पत्र माझ्याच हातात दिलं. मला धीर कुठला? बांधावर बसले आणि उघडलं.

आधी दिसली ती भोकं. पलटणीची पत्रं मधले साहेब तपासत, गावांची नावं किंवा लढाईचं काही असलं तर काळी शाई फासत. ते आम्हाला माहीत होतं. पण या पत्रावर शाई होतीच, शिवाय कात्रीनं तुकडे काढले होते. पुढच्या बाजूचं कापलं की मागच्या बाजूचंही जातं, हे त्या साहेबाच्या लक्षात आलं नसावं. खालचा कोपरा तर सबंध गेला होता, आणि नाव असतं ते तिथंच. कागद वर धरला तर त्या भोकांतून मला समोरच्या रानातली कणसं दिसली.

आणि अक्षर दादाचं नव्हतं.

उरलेले शब्द मला आजही तोंडपाठ आहेत. "चि. इंदूस आशीर्वाद." मग काळं. "घाबरू नये." मग भोक. "तुझ्या वहिनीची बांगडी वाढली." मग दोन ओळी सलग काळ्या. "आईला एकदम सांगू नको." आणि मग, "देवाच्या मनात होते तसे झाले."

मी ते किती वेळा वाचलं कुणास ठाऊक. रानात वारा होता, ज्वारीची पानं एकमेकांवर घासत होती आणि मला वाटत होतं, सगळं रानच तो शब्द कुजबुजतंय. परक्या हातचं पत्र, नाव नाही, आणि तो शब्द. रंगूबाईच्या घरीही असंच जोडीदाराचं पत्र आलं होतं. मला रडू आलं नाही. भीतीनं रडूसुद्धा आटतं हे मला त्या दिवशी कळलं. दादा नाही, हा विचार मी करूच शकले नाही. डोळ्यांपुढं फक्त वहिनीचे हात येत राहिले, कोपरापर्यंत मोकळे.

आता वाटतं, बांगडी म्हणजे तो जुडगा, एवढं साधं डोक्यात कसं आलं नाही? पण कसं यावं? आमच्या घरात त्याला बांगडी म्हणायला बंदी होती. ती बंदी दादाला ठाऊक नव्हती, तो दूर होता. माझ्या लेखी बांगडी म्हणजे काच.

मी घरी गेले. पोस्टमन मला भेटल्याची बातमी माझ्याआधी घरी पोचली होती. आई सुपातले दाणे टाकून उठली. वहिनी पाट्यावरून उठली, तिच्या हाताला चटणी लागली होती.

"वाच की गं," आई म्हणाली.

मी कागद डोळ्यांपुढं धरला, म्हणजे माझं तोंड झाकेल. आणि वाचलं, "मी खुशाल आहे. इकडं थंडी फार आहे."

"आनि?"

"आणि... बैलांना जपा."

"माजा सोन्या! तितं जाऊनबी बैलाची काळजी," आईनं पदर डोळ्यांना लावला. "आनि हौसाला काय?"

"वहिनीला... आशीर्वाद."

खोटं एकदा बोलणं सोपं असतं. ते दहादा तसंच बोलणं अवघड. संध्याकाळी गोदाकाकू आली, पुन्हा वाचा. दुसऱ्या दिवशी आत्या आली, पुन्हा वाचा. तेव्हा मी घाबरून थंडीवरच संपवलं. चुलीपाशी बसलेली वहिनी मान न वळवता म्हणाली, "वन्सं, बैलाचं ऱ्हायलं."

माझ्या अंगावर काटा आला. मी म्हटलं, "हां, बैलांना जपा." तिनं भाकरी उलटली.

पत्र मी भूगोलाच्या पुस्तकात दडवलं. मास्तर "भूगोल काढा" म्हणाले की मी पुस्तक दप्तरातच दाबून धरी. एकदा त्यांनी मला युरोपचा नकाशा दाखवायला उठवलं आणि नेमकं त्याच पानात पत्र होतं. मी म्हटलं, पुस्तक हरवलं. छडी खाल्ली. ती छडी मला बरी वाटली, खरंच सांगते. निदान एका खोट्याची शिक्षा मिळाली. मास्तरांना पत्र दाखवून विचारावं असं मनात येई. पण त्यांनी वाचलं की ते खरं होईल, आणि मी आठ दिवस सगळ्यांना फसवलं हेही उघड होईल. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात. माझ्या पाठी तर तो भूगोलाच्या पुस्तकातून चालत होता.

संक्रांतीच्या आधी कासारीणमावशी आली. वर्षातून दोन-तीनदा येई. तिच्या पाठीवर बांगड्यांच्या माळा असत आणि ती आली की गल्लीचा रंगच पालटे. ओट्यावर तिनं घोंगडीचा तुकडा पसरला, बायका भोवती बसल्या. वहिनीनं हात पुढं केला.

वाटलं, हे पाप आहे. हे थांबवायला हवं. आणि थांबवायचं म्हणजे काय करायचं? मी खांबाला धरून उभी राहिले.

मावशीनं आधी जुडगा पाहिला. जाणत्या माणसानं बघावं तसा उलटापालटा केला. "दागिना न्हाई, बांगडीबी न्हाई," ती म्हणाली. "पर पोरीच्या हाताला बरा दिसतुया."

"वंगाळ दिसतुया," आई म्हणाली.

"आवं, बरा न्हाई आनि वंगाळबी न्हाई. हाताची सवय हाय ती." मावशीनं वहिनीचं मनगट दाबून सैल केलं. "ह्या जुन्या दोन लय घट्ट झाल्यात गं. निघायच्या न्हाईत. वाडवते."

आणि तिनं छोटा दगड उचलला.

"नगं!" मी किंचाळले.

सगळ्या दचकल्या. मावशीचा हात वरच राहिला. आई ओरडली, "आगं बया, काय झालं तुला?" मी नुसती मान हलवत राहिले, नको, नको. वहिनीनं माझ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग ती मावशीला म्हणाली, "ऱ्हाऊ द्या मावशी. तशाच ऱ्हाऊ द्या. म्होरं नव्या भरा." तिचा आवाज अगदी नेहमीचा होता. त्या घट्ट बांगड्यांपुढं मावशीनं नव्या हिरव्या बांगड्या चढवल्या. वहिनीनं रिवाजाप्रमाणं आधी आईला, मग मावशीला वाकून नमस्कार केला. मावशी म्हणाली, "अखंड सौभाग्यवती व्हा." मी परसात जाऊन ओकले.

मग काढणी लागली. आमच्याकडं शाळू हातानं उपटतात. बायका ओळ धरून वाकत, ताट मुळासकट ओढत, माती झटकत आणि पेंढी मागं टाकत. तळहाताला फोड येत, पानानं दंड चिरत. शाळा सुटली की मी रानात जाई. वहिनी दिसायची नाही इतकी ज्वारी उंच होती. मी बांधावर उभी राहून कान देई. काच किणकिणली, मागोमाग जुडगा चुळचुळला, की मी श्वास सोडी. आवाज थांबला की मी टाचा उंच करून बघे. कुणी येऊन सांगितलं तर नाही? ती पाणी प्यायला थांबलेली असे, नाहीतर जुडग्यातला उंट ताटाच्या पानात अडकलेला असे आणि ती तो सोडवत असे. तेवढ्या वेळात मी जगातली सगळी संकटं पाहून घेई. ती आवाजाची राखण मी सबंध सुगीभर केली. बाकीची पोरं पाखरं राखत होती.

एके दिवशी आई म्हणाली, "जबाब धाडाय नगं का? मास्तरास्नी सांगते." मी घाईनं म्हटलं, मीच लिहिते. म्हणून दुपारच्या उन्हात, पेंढ्यांच्या सावलीला बसून, जो माणूस आता या जगात नाही असं मला वाटत होतं त्याला मी पत्र लिहायला घेतलं. वहिनी सांगत होती आणि बोटानं मातीत रेघा ओढत होती.

"लिवा, हिकडं समदं बेस हाय. ज्वारी लय झालीया. कणसं हातभर." ती थांबली. "लिवा, तुमी दिल्याला जुडगा हातात हाय. काडत न्हाई." पुन्हा थांबली. "आनि लिवा, इंदूवन्सं लय गुणाच्या हाईत. मला लय जपत्यात."

टाक कागदावर टेकलेला तसाच राहिला. शाईचा मोठा डाग पडला. त्या डागाभोवती मी "जपतात" हा शब्द कसाबसा लिहिला. तेव्हा मला एवढंच वाटलं की तिला काही कळलेलं नाही म्हणून ती असं गोड बोलते, आणि माझी मलाच किळस आली.

मळणी चालली होती तेव्हा दुसरं पत्र आलं. खळ्याच्या मधल्या खुंटाभोवती बैल फिरत होते, आबा धान्याला वारं द्यायची तयारी करत होते. पोस्टमन थेट खळ्यावर आला आणि त्यानं पत्र माझ्यापुढं धरलं. मी हात मागं घेतले. सरकारी कागद असणार. महिन्यानं येतो तो.

आबांनी बैल थांबवले. आई राशीजवळून उठून आली. वहिनीनं पोस्टमनच्या हातातून पत्र घेतलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"फोडा वन्सं."

"न्हाई."

"फोडा. काय आसंल ती आसू द्या. म्या हितंच हाय."

अक्षर वेडंवाकडं होतं, पहिलीतल्या पोरानं काढावं तसं. पण काना-मात्रेची मोडणी दादाची होती. भोक एकही नव्हतं, कारण पत्र पुण्याच्या लष्करी दवाखान्यातून आलं होतं. मी मोठ्यानं वाचायला लागले आणि माझा आवाज मलाच परका वाटत होता. उजव्या हाताला लागलं, दोन बोटं गेली. मागचं पत्र माणदेशातल्या एका मित्राकडून लिहून घेतलं. आता डाव्या हातानं लिहायला शिकतोय. आईला एकदम सांगू नको असं मागं लिहिलं होतंच. पुढं होतं, "वहिनीच्या बांगडीला जोडायला तिकडच्या सोनाराकडून साखळीचा आणखी एक तुकडा आणि तीन नग घेतले आहेत. बांगडी वाढली, आता मनगटाला दोन वेढे बसतील, हे मागे कळवलेच होते."

मी तिथंच थांबले. हसू की रडू कळेना, दोन्ही एकदमच आलं.

"कुटली बांगडी?" आई म्हणाली. मुलाची दोन बोटं गेली हे अजून तिच्यापर्यंत पोचायचं होतं.

"जुडगा गं आई! जुडगा! जुडगा वाढला!"

आबा मटकन राशीवर बसले. आई "बोटं? कुटली बोटं?" करत माझा दंड हलवत होती. मी कागद छातीशी धरून भोकाड पसरलं. साऱ्या सुगीचं साठलेलं रडं त्या खळ्यावर निघालं.

हात-पाय धुवायला विहिरीवर गेलो तेव्हा मी वहिनीला सगळं सांगितलं. भूगोलाचं पुस्तक, बैल, सगळं. ती पायांवर पाणी घेत होती.

"म्या कवाच वाचलं व्हतं," ती म्हणाली.

"तुला वाचता कुठं येतं?"

"तुमचं त्वांड येतं की." तिनं तोंडावर पाण्याचा हबका मारला. "बैलाचं तुमी इसारला, तवाच वळाकलं. आनि कासारणीनं दगूड उचलला तवा तर..." ती थांबली. "तुमी मोट्यानं वाचल्याबिगर खरं व्हनार न्हाई, आसं धरलं मनाशी. म्हनून इचारलं न्हाई. पर वन्सं, त्या नव्या बांगड्या भरताना लय भ्याले. चोरून भरल्यावानी वाटत व्हतं. रोज वाटायचं, आज कुनीतरी म्हनंल, काड, तुज्या न्हाईत ह्या."

मी बारा वर्षांची, ती एकोणीसची. दोघी एकाच घरात, एकाच चुलीवर, दीड महिना तेच भय बाळगून होतो आणि एकमेकींना जपत होतो. ते आठवलं की मला आजही धीर येत नाही, भीतीच वाटते. पत्र दुसरं आलं नसतं तर?

दादा घरी आला तेव्हा जुडग्यात एक होडी, एक घंटा आणि एक कलंडलेला मनोरा आला. गोदाकाकूनं तो बोटात धरून सांगितलं, "ही दीपमाळ हाय. वाकडी झालीया जरा." आईनं दादाचा तीन बोटांचा हात कितीतरी वेळ मांडीवर घेतला. मग सुनेच्या मनगटाकडं बघून म्हणाली, "आता तर लईच वंगाळ दिसतंय. आसू दे." पण बांगडी म्हणू दिली नाही ती नाहीच. ती मरेपर्यंत नाही.

आज सकाळी मी सईला निकाल दिला. "भडक आहे. घाल." तिच्या आईनं कपाळाला हात लावला. सई म्हणाली, "मग काल एवढी घाबरलीस का?" तेव्हा मी तिला हे सगळं सांगितलं, आणि शेवटी तो एक दिवस सांगितला. तो मी आजवर कुणाला सांगितला नव्हता.

दादा गेला त्याला आता बरीच वर्षं झाली. भरल्या वयात गेला, झोपेत गेला. मी सांगलीहून पोचले तेव्हा भावकीतल्या बायका वहिनीभोवती बसल्या होत्या. एक म्हातारी उठली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "चला गं. हौसाबाईच्या बांगड्या वाडवा."

साठ वर्षांपूर्वीचा तो गार काटा माझ्या अंगावर तसाच्या तसा आला. वहिनीनं मात्र दोन्ही हात स्वतःच पुढं केले. एकेक काच निघाली. हात मोकळे झाले, कोपरापर्यंत. फक्त डाव्या मनगटावर दोन वेढ्यांचा, झिजून काळा पडलेला जुडगा राहिला. उंटाचं तोंड घासून गेलं होतं. म्हातारीनं त्याच्याकडं हात नेला, तशी वहिनीनं त्यावर उजवा तळहात ठेवला.

"ह्यो न्हाई."

"आवं, ती बी बांगडीच की."

"कोन म्हनतं?" वहिनी म्हणाली. तिच्या डोळ्यांना धार लागली होती, पण आवाज अगदी नेहमीचा होता. "आमच्या आत्याबाईनं ह्या घरात ह्येला कवा बांगडी म्हनू दिली न्हाई. इचारा वन्सास्नी. जुडगा हाय ह्यो. जुडगा वाडवत न्हाईत."

सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. मी आयुष्यभराची भित्री. पण त्या दिवशी मोठ्यानं म्हणाले, "खरं हाय. जुडगाच हाय त्यो." मग तिच्या हाताला पुन्हा कुणी हात लावला नाही.